ग्रनविकचा संप : स्थलांतरित स्त्रियांचा लढा

लंडनच्या वायव्य भागातील विल्सडेन येथे ग्रनविक या छायाचित्रे धुऊन देणाऱ्या कंपनीत ऑगस्ट १९७६ ते जुलै १९७८ या काळात झालेला संप ब्रिटनमधील स्थलांतरित कामगारांच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. संपकऱ्यांमध्ये पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया बहुसंख्य होत्या.

केनिया व टांझानियातील आफ्रिकीकरणाचे धोरण आणि १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातून केलेली आशियाई रहिवाशांची हकालपट्टी यांमुळे हजारो कुटुंबे ब्रिटनमध्ये आली. तेथे सुस्थितीत राहिलेल्या अनेकांना येथे मिळेल ते काम पत्करावे लागले. ग्रनविकमध्ये वेतन तुटपुंजे होते, ओव्हरटाइम सक्तीचा होता आणि कामगार संघटनेला मान्यता नव्हती. २० ऑगस्ट १९७६ रोजी एका तरुणास काम संथ असल्याच्या कारणावरून काढण्यात आले. त्याच दिवशी जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या. मूळच्या गुजरातमधील जयाबेन टांझानियामार्गे ब्रिटनमध्ये आल्या होत्या. संपकरी ‘अपेक्स’ या संघटनेत दाखल झाले; कंपनीने १३७ जणांना बडतर्फ केले.

कंपनीचा बहुतांश व्यवसाय टपालावर चाले. त्यामुळे क्रिकलवूडच्या टपाल कामगारांनी नोव्हेंबर १९७६ मध्ये तिचे टपाल हाताळण्यास नकार देताच तिची कोंडी झाली. मात्र न्यायालयीन कारवाईमुळे हा बहिष्कार काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. पुढील उन्हाळ्यात त्यांनी तो पुन्हा पुकारला, तेव्हा त्यांनाच कामावरून दूर ठेवण्यात आले. ११ जुलै १९७७ रोजी खाण कामगारांसह सुमारे २० हजार लोक कारखान्याभोवती जमले. १९६८ मध्ये स्थलांतरितविरोधी नेते इनॉक पॉवेल यांच्या समर्थनार्थ मोर्चा काढणाऱ्या लंडनच्या गोदी कामगारांपैकी अनेकजण आता या स्त्रियांच्या बाजूने उभे होते.

ऑगस्ट १९७७ मध्ये न्या. स्कारमन यांच्या चौकशी समितीने संपकऱ्यांना परत घेण्याची शिफारस केली. कंपनीने ती धुडकावली. वरिष्ठ कामगार नेतृत्वाचा उत्साह ओसरू लागला. नोव्हेंबरमध्ये जयाबेन व सहकाऱ्यांनी ‘टीयूसी’ या महासंघाच्या मुख्यालयापुढे उपोषण आरंभले, तेव्हा त्यांच्याच संघटनेने त्यांचे सदस्यत्व काही काळ स्थगित केले.

१४ जुलै १९७८ रोजी संप अपयशी ठरून संपला. कोणालाही नोकरी परत मिळाली नाही. २० हजारांचा जमाव जे साधू शकला नाही, ते मूठभर टपाल कामगारांच्या नकाराने जवळपास साधले होते. ऐक्याची खरी ताकद गर्दीत नसून मालकाचा व्यवहार रोखण्यात असते, हा या लढ्याचा धडा आहे. जयाबेन यांचे डिसेंबर २०१० मध्ये निधन झाले.