संकेतस्थळ सुगमता

दिव्यांग व्यक्तींना संकेतस्थळ कोणाच्या मदतीविना वापरता यावे, अशी त्याची रचना. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, २.२ ही आवृत्ती २०२३ ची. चित्राला पर्यायी मजकूर, चित्रफितीला उपशीर्षके, माउसविना केवळ कळफलकावर चालणारे व्यवहार आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ इतकी उजळपणाची तफावत (कॉन्ट्रास्ट), या त्यांतील ठळक अपेक्षा. अंध ग्राहक पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर या प्रणालीच्या आवाजावर विसंबतो. ‘पैसे भरा’ हे बटण नुसते चित्र असेल, तर खरेदी तिथेच अडते. अमेरिकेत गिलेर्मो रोबल्स या अंध ग्राहकाने डॉमिनोज पिझ्झाविरुद्ध दावा लावला. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने अपंगत्वविषयक कायदा कंपनीच्या संकेतस्थळालाही लागू ठरवला.

मराठी संकेतस्थळांची अडचण आणखी वेगळी. युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतप्रणालीपूर्वीच्या फाँटमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला ती निरर्थक रोमन अक्षरेच वाटतात. पानाची भाषा संकेतावलीत नोंदवलेली नसेल, तर मराठीसाठी योग्य आवाज निवडला जाईलच असे नाही. दोन्ही दोष सुधारता येण्याजोगे, म्हणूनच अक्षम्य.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४६ खासगी सेवादात्यांनाही सुगमतेच्या नियमांनी बांधते.