चार छटांचा पडदा

नव्वदच्या दशकात आपल्याकडे मुलांच्या हाती आलेला ‘ब्रिक गेम’ अनेकांना आठवत असेल. राखाडी पडदा, काळे चौकोन, रंगाचा पत्ता नाही. तरी तो खाली ठेववत नसे. व्हिडिओ गेममध्ये चित्र महत्त्वाचे की खेळ, हा वाद निघाला की मी त्या चौकोनांच्या मुळाशी जातो.

ते मूळ मॉस्कोत आहे. १९८४ साली सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव यांनी ‘टेट्रिस’ रचला. त्यांच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. पडद्यावर केवळ अक्षरे व चिन्हे उमटत. म्हणून त्यांनी कंसांच्या जोडीने एकेक चौकोन दाखवला. चार चौकोनांचे सात आकार, एवढाच सारा पसारा.

१९८९ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘गेम बॉय’ आणला. त्यामागे गुनपेई योकोई यांची दृष्टी होती: स्वस्त झालेले, मुरलेले तंत्रज्ञान नव्या कामाला लावायचे. पडदा हिरवट, छटा चारच, मागून उजेड नाही. वेगाने हलणारे चित्र फरफटल्यासारखे पुसट होई. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आणि १९९० मध्ये सेगाचा ‘गेम गियर’ आला. दोन्ही रंगीत आणि उजळ; पण सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिस मिळे. पुढे आलेली रंगीत आवृत्ती धरून गेम बॉय ११ कोटींहून अधिक विकला गेला. गेम गियर सुमारे एक कोटी.

यावरून ‘चित्र गौण, खेळ मुख्य’ असा निष्कर्ष काढतात. मला तो घाईचा वाटतो. टेट्रिसचे तुकडे आकारावरून ओळखायचे असतात, रंगावरून नव्हे. आणि ते एकेक घर खाली सरकतात. म्हणूनच पुसट पडद्यावर तो खेळ निभावला. याच योकोई यांचा १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ पाहा. त्रिमितीचा आभास होता, पण चित्र केवळ लाल-काळे. खेळ अवघे २२ निघाले आणि वर्षभरात ते यंत्र बंद पडले. नुसता साधेपणा तिथे तारू शकला नाही.

म्हणून चित्र किती देखणे, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पुढची चाल ठरवण्यासाठी खेळणाऱ्याला जे दिसायला हवे, ते त्याला दिसते का, हे आधी पाहावे. पाजितनोव यांचे कंस या कसोटीला उतरले होते.