माहीमच्या देवळाचा वेढा

ज्युबिलीच्या या आनंदांत पूर्वजांच्या एका दुःखाचेंही स्मरण करणें आम्हांस कर्तव्य वाटतें. मुंबईच्या कॅथलिकांवर अधिकार कोणाचा? पाद्रोआदोच्या हक्कानें गोव्याच्या आर्चबिशपांचा, कीं रोमच्या प्रोपागांडानें नेमलेल्या व्हिकर अपोस्तोलिकांचा? हा वाद फार जुना. 1794 सालीं कंपनी सरकारनें देवळें वांटून दिलीं. दादरचें साल्व्हासांव व माझगांवचें ग्लोरिया पाद्रोआदोकडे गेलें. एस्पेरांसा व माहीमचें सेंट मायकेल प्रोपागांडाकडे.

1853 सालीं माहीमच्या लोकांनीं पाद्रोआदोकडे जाण्याचा आग्रह धरिला. तेव्हां बिशप आनास्तासियुस हार्टमन देवळांतच ठाण मांडून बसले. बाहेर त्यांच्याच मेंढरांनीं वेढा दिला. सुमारें पंधरा दिवसांनीं, रक्तपात टाळावा म्हणून, सरकारी अधिकारी मध्यें पडले आणि देऊळ पाद्रोआदोच्या हातीं गेलें.

अधिकाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. शांतता राखणें हें त्यांचें कामच होतें. परंतु एकाच वेदीपुढें गुडघे टेकणाऱ्यांचा तंटा सरकारास मिटवावा लागला, ही लाज आमची. आणि तो खरोखर मिटला तरी कोठें? दुहेरी अधिकार 1928 च्या करारापर्यंत, म्हणजे आणखी 75 वर्षें, टिकला.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांत मतभेद उपजतील तेव्हां माहीमचें तें बंद दार आठवावें, हीच विनंती.