एकट्याचे गाणे, तिघांचा सूर

अमेरिकेच्या पश्चिम भागातील काउबॉय, म्हणजे घोड्यावर बसून गुरांचे मोठे कळप हाकणारे रोजंदारीवरचे गुराखी, यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाण्यांत वस्तुतः दोन परंपरा एकत्र आल्या आहेत. एक माळरानावरच्या एकट्या आवाजाची, तर दुसरी रेडिओ आणि चित्रपटांच्या काळात घडलेल्या तीन-चार आवाजांच्या बांधीव गायनाची. आज दोहोंचे पुनरुज्जीवन एकाच नावाखाली होत असले, तरी त्यांचे मोल कळण्यासाठी त्यांचे उगम वेगवेगळे पाहावे लागतात.

१८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सासमध्ये गुरे उदंड होती, पण गिऱ्हाईक उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या शहरांत होते. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यातील ॲबिलीन येथे रेल्वेच्या कडेला गुरांचा बाजार उभा राहिला आणि चिझम ट्रेल या वाटेने कळप तिकडे निघाले. काटेरी तारांची कुंपणे आणि लोहमार्गांचा विस्तार यांनी हा व्यवहार संपवला, तोपर्यंतची सुमारे वीस वर्षे गोरे, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी या वाटांवर राबले. रात्री कळप बसला की पहाऱ्यावरचे दोघे त्याच्याभोवती परस्परविरुद्ध दिशांनी संथ चालीने घोडे फिरवीत, प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर येत आणि पाळी संपेपर्यंत हलक्या आवाजात गात राहत. वीज कडाडली किंवा अंधारात काही खडखडले, तर एवढ्यानेही बुजून कळप उधळे आणि त्यात माणसेही जिवास मुकत. मात्र माणसाचा आवाज सतत कानी पडत राहिला, तर जवळ येणाऱ्या घोड्याला जनावरे बिचकत नसत. या कामाला वाद्याची गरज नव्हती. चाल संथ असली की पुरे, म्हणून ब्रिटिश बेटांवरून आलेली लोकगीते, चर्चमधील स्तोत्रे, वाटेवरच्या मृत्यूंच्या कहाण्या, असे जे ज्याला येई ते तो गाई आणि पदरची कडवी त्यात घाली.

ही गाणी कागदावर उतरली ती कळप हाकण्याचा काळ सरल्यावर. स्वतः गुराखी म्हणून काम केलेल्या जॅक थॉर्प यांनी १९०८ मध्ये न्यू मेक्सिकोतील एस्टान्सिया येथे २३ गीतांची छोटी पुस्तिका छापून घेतली, तर १९१० मध्ये जॉन लोमॅक्स यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध झाला. लोमॅक्स यांनी वेगवेगळ्या गायकांची कडवी जुळवून एकेक गीत सिद्ध केले, त्यामुळे मुळात ठिकठिकाणी बदलणाऱ्या गाण्यांना स्थिर रूप मिळाले.

हार्मनी, म्हणजे निरनिराळ्या स्वरांवरून एकाच वेळी एकच गीत गाण्याची पाश्चात्त्य पद्धत, या गाण्यांत ठळकपणे आली ती १९३०च्या दशकात. पोवाड्यातील झीलकरी शाहिराच्याच सुराला सूर देतात. हार्मनीत मात्र एक गायक मूळ चाल सांभाळतो, दुसरा तिच्यावरच्या आणि तिसरा तिच्याखालच्या स्वरांवरून जातो, आणि तिघांचे शब्दोच्चार व श्वास एकाच क्षणी पडले तरच ती रचना उभी राहते. लॉस एंजेलिसमध्ये लेनर्ड स्लाय (पुढे चित्रपटांत रॉय रॉजर्स), बॉब नोलन आणि टिम स्पेन्सर या तिघांच्या मेळातून ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ हा संच घडला, आणि ह्यू फार यांच्या खर्जाने व त्यांचे बंधू कार्ल यांच्या गिटारने त्याला पूर्णत्व आले. वाऱ्याबरोबर गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपांवरचे ‘टम्बलिंग टम्बलवीड्स’ हे या संचाचे प्रसिद्ध गीत रचणारे नोलन गुराखी नव्हते. ते कॅनडात जन्मलेले कवी होते. तरीही वाळवंटाचा विस्तार आणि तिथले एकाकीपण त्यांच्या शब्दांत जितके उतरले, तितके ते क्वचितच कोणाला साधले.

१९५०च्या दशकानंतर गायक-काउबॉयचे चित्रपट मागे पडले आणि ही शैलीही ओसरली. १९७७ मध्ये नॅशव्हिल येथे सुरू झालेल्या ‘रायडर्स इन द स्काय’ या संचाने तीन आवाजांची ती बांधणी पुन्हा रंगमंचावर आणली. त्यातील डग्लस ग्रीन हे गायक असण्याबरोबरच या संगीताचे इतिहासकारही आहेत. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या गीतांना १९८५ पासून नेव्हाडातील एल्को येथे भरणाऱ्या काउबॉय-काव्यसंमेलनाने श्रोते मिळवून दिले, आणि डॉन एडवर्ड्स यांच्यासारख्या गायकांनी ती गीते केवळ गिटारच्या साथीने, एकट्याने गाऊन त्यांचा मूळ साधेपणा राखला.

तिघांच्या गायनाला माळावरची अस्सल परंपरा म्हणणे जसे चूक, तसे केवळ चित्रपटांत वाढले म्हणून त्याला नकली ठरवणेही अन्यायाचे आहे. एक गाणे कामाच्या गरजेतून आले, दुसरे त्या कामाच्या आठवणीतून. आणि दोन्ही परंपरांची ओळख शाबूत ठेवून त्या गाणारे कलावंतच हा वारसा खऱ्या अर्थाने पुढे नेत आहेत.