एकच ‘सी’, स्वर मात्र दोन

१/ हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. अशा गावात भजनाला बसलेला पेटीवाला ‘पांढरी एक’ म्हणतो, त्या स्वराला इंग्रजीत ‘सी’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘दो’ म्हणतात.

२/ पोर्तुगीजमध्येही ‘सी’ आहे. पण तो सप्तकातील सातवा स्वर, म्हणजे आपली ‘पांढरी सात’. उच्चार एक, स्वर वेगळे!

३/ कारण इंग्रजीत स्वरांना अक्षरांची नावे आहेत. पोर्तुगीज नावांचे मूळ अकराव्या शतकात आहे. इटलीतील ग्वीदो या संन्याशाने एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांच्या आरंभीची अक्षरे स्वरांना दिली. ‘सी’ नंतर जोडला गेला.

४/ गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज सत्ता होती. तेथील चर्चच्या शाळांत मुले स्वरलिपी वाचायला शिकत. हेच वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. येथे संगीतकार ‘सारेगम’मध्ये विचार करी. आपला ‘सा’ गायकानुसार सरकतो. पोर्तुगीज ‘दो’ जागचा हलत नाही. ही चाल कागदावर उतरवून वाद्यवृंदाला देण्याचे काम गोव्याच्या संयोजकांनी केले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच झळकली.

५/ माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच एक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले. श्रेयनामावलीने वगळलेले नाव घरोघरी पोहोचले, ते गाण्यामुळे.