नाव बदलते, क्रमांक बदलत नाही

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगा त्यातून वाहते आणि पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. येथील धीवर समाजाचा डोंगा ओळखायला पाटी लागत नाही. काठावरचा माणूस तो कोणाचा आहे हे लांबूनच सांगतो. समुद्रावर मात्र अशी ओळख पुरत नाही. तेथे एकाच नावाची अनेक जहाजे असू शकतात आणि मालक बदलला की नावही बदलते.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने (आयएमओ) १९८७ साली जहाजांना कायमस्वरूपी क्रमांक देण्याची योजना स्वीकारली. १९९६ पासून ती १०० टनांवरील प्रवासी आणि ३०० टनांवरील मालवाहू जहाजांना बंधनकारक झाली. हा सात अंकी क्रमांक जहाज बांधले जाते तेव्हा मिळतो आणि ते अलंगसारख्या ठिकाणी भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. नाव, मालक, ध्वज काहीही बदलो. २००४ पासून तो जहाजाच्या अंगावर ठळकपणे कोरणेही सक्तीचे झाले. प्रवासी जहाजांवर तर तो आकाशातून दिसेल असा आडव्या पृष्ठभागावरही लिहावा लागतो.

या क्रमांकातील शेवटचा अंक पडताळणीचा असतो. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या 'एमएससी एल्सा ३' या लायबेरियाचा ध्वज लावलेल्या जहाजाचा क्रमांक ९१२३२२१. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज केल्यास १०१ येते; तिचा शेवटचा अंक १, आणि क्रमांकाचाही शेवटचा अंक १. बनावट क्रमांक रचणाऱ्याला हे गणित माहीत नसेल तर तो येथेच उघडा पडतो. माहीत असेल तर मात्र जुने दप्तर तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

रेडिओवरील ओळख वेगळी. प्रत्येक देशाला हाकचिन्हांसाठी अक्षरमालिका वाटून दिलेल्या आहेत. भारताच्या वाट्याला 'एटीए' ते 'एडब्ल्यूझेड', 'व्हीटीए' ते 'व्हीडब्ल्यूझेड' आणि '८टीए' ते '८वायझेड' या मालिका आल्या आहेत. याशिवाय एमएमएसआय हा नऊ अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले तीन अंक देश सांगतात, भारताचे ४१९. संकटात सापडलेल्या जहाजाने बटण दाबले की हाच क्रमांक आपोआप प्रक्षेपित होतो आणि मुंबईतील तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्रासारख्या ठिकाणी कोण हाक मारत आहे ते कळते. ध्वज बदलला की हाकचिन्ह व एमएमएसआय दोन्ही बदलतात. आयएमओ क्रमांकाचे महत्त्व येथे लक्षात येते.

अर्थात क्रमांक जहाजाचा असतो, त्यावरील माणसांचा नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी 'कुबेर' या गुजरातच्या मासेमारी नौकेतून मुंबईपर्यंत आले. नौका खरी होती, फक्त ती पळवलेली होती. त्यानंतर नौकांच्या नोंदणीबरोबरच मच्छीमारांच्या ओळखपत्रांकडेही लक्ष दिले गेले.

नद्यांवरील नौकांची स्थिती बराच काळ निराळी होती. १९१७ चा कायदा मोडीत काढून २०२१ साली अंतर्देशीय नौका कायदा आला. त्यात यांत्रिक नौकांसाठी नोंदणी आहेच, पण बिनयांत्रिक नौकांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठेवावी अशीही तरतूद आहे. म्हणजे गोसेखुर्दच्या पाण्यावरील डोंग्याची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीपर्यंत येऊ शकते. तिची गरज वैनगंगेनेच दाखवून दिली आहे: जानेवारी २०२४ मध्ये याच नदीवर, खाली गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, मजुरीला निघालेल्या महिलांची नाव उलटून अनेकींचा बळी गेला.