टाटा नेक्सॉन

टाटा मोटर्सची पाच आसनी छोटी एसयूव्ही. २०१४च्या ऑटो एक्स्पोमध्ये संकल्पनारूपात मांडलेली ही गाडी सप्टेंबर २०१७मध्ये विक्रीस आली. उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे, फियाटबरोबरच्या भागीदारीतील कारखान्यात होते. नांदेडहून बीड-अहिल्यानगरमार्गे पुण्याला जाणाऱ्यांना रांजणगाव वाटेतच लागते.

लांबी ३,९९५ मिलिमीटर. हा आकडा करामुळे ठरला आहे. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांना करसवलत मिळू लागली. पेट्रोल इंजिन १,२०० आणि डिझेल इंजिन १,५०० घनसेंटिमीटरच्या आत हवे, म्हणून नेक्सॉनची इंजिने १,१९९ आणि १,४९७ घनसेंटिमीटरची. सप्टेंबर २०२५पासून या गटावर १८ टक्के जीएसटी आहे.

एसयूव्ही म्हणत असले, तरी सांगाडा मोटारीचाच. जीपसारखी वेगळी चेसिस नाही आणि ओढ फक्त पुढच्या चाकांना. जमिनीपासूनची उंची २०८ मिलिमीटर असल्याने गतिरोधक आणि खड्डे खाली न घासता पार होतात. काळ्या रानातल्या पांदण रस्त्यावर मात्र पावसाळ्यात ही उंची पुरत नाही. चिकण माती टायरच्या खाचांत भरली की पुढची चाके जागीच फिरतात.

नेक्सॉनचे नाव झाले ते सुरक्षिततेमुळे. ऑगस्ट २०१८मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले. सुधारणा करून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पाच. भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळण्याची ती पहिलीच वेळ. अर्थात मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावला नाही, तर या ताऱ्यांचा उपयोग नाही.

जानेवारी २०२०मध्ये विजेवरची आवृत्ती आली. तिच्या ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीचा प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. नांदेड ते लातूर अंतर सुमारे १४० किलोमीटर. कागदावर जाऊन-येऊन भागते, पण मे महिन्यात एसी लावून लोहा-अहमदपूर-चाकूरमार्गे निघाल्यास लातुरात चार्जिंग करूनच परतावे.

सप्टेंबर २०२३मध्ये रूप बदलले, सप्टेंबर २०२४मध्ये टर्बो इंजिनासह सीएनजी आवृत्ती आली. तिच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली असल्याने ३२१ लिटर जागा उरते. लांब फेऱ्या असणाऱ्याला डिझेल, शहरापुरते फिरणाऱ्याला सीएनजी किंवा वीज बरी. आणि रोज शेतापर्यंत जायचे असेल, तर चारही चाकांना ओढ असलेली दुसरी गाडी पाहावी.